काकूंच्या खोलीखालची जागा

आमची जुनी पेट्रोलची गाडी पळसदरीच्या पुढच्या चढावर बंद पडली, तेव्हा माझ्या मागे खडीनं भरलेला ट्रक होता. मी एकटीच होते. ब्रेकवर पाय दाबून धरला, किल्ली फिरवत राहिले आणि इंजिन नुसतं खोकत राहिलं. ट्रकवाला आधी हॉर्न वाजवत होता. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो आणि त्याचा क्लीनर उतरून आले, मला काही न बोलता त्यांनी गाडी ढकलून कडेला लावली आणि निघून गेले. मला खाली उतरून त्यांना धन्यवाद म्हणायचं सुचलं नाही.

भिसेगावातल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलं. म्हणाला, "मॅडम, इंजिनाचं काम काढावं लागंल. आणि काढलं तरी मी खात्री देत नाय."

मी कुंभिवलीच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. कर्जतहून रोज तिथं जाणं आणि परत येणं हे माझं मला करावं लागतं. कंपनीची बस पाळीवाल्या कामगारांसाठी आहे आणि आमच्या वेळा तिच्याशी जुळत नाहीत. नवऱ्याची नोकरी पनवेलला, तो ट्रेननं जातो. म्हणजे गाडी घरची असली तरी वापर माझाच होता. ती गेल्यावर मी रिक्षा, एसटी आणि पुन्हा रिक्षा असा प्रवास सुरू केला. दर दिवशी कुठेतरी उशीर व्हायचा आणि साहेब घड्याळाकडे बघायचे.

नवऱ्यानं त्याच आठवड्यात जाहीर केलं, "आता घ्यायची तर इलेक्ट्रिकच."

तो कितीतरी महिने मोबाइलवर त्याच गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रस्ता रोजचा, ठरलेला, फार लांबचा नाही. घरी आल्यावर चार्जिंगला लावायची, सकाळी भरलेली मिळेल. मला मात्र धाकधूक होती. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते. पावसाळ्यात एकदा गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. पेट्रोल संपलं तर बाटलीतून आणता येतं, चार्ज कशातून आणणार? कर्जत-खोपोली रस्त्यावर मध्येच अडकलेली मी आणि आजूबाजूला नुसती शेतं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

"तुम्ही चालवणार नाही ना, म्हणून तुम्हाला सोपं वाटतं," मी म्हटलं.

"अगं, लोक लडाखला नेतात."

"मला लडाखला नाही, कुंभिवलीला जायचंय."

तरीही मी हळूहळू तयार होत होते. हिशोब जमत होता, गाडी बघून आलो होतो, चालवूनही झाली होती. सोसायटीची परवानगी तेवढी राहिली होती. ती नुसती औपचारिकता आहे, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

आमची इमारत जुनी नाही, नवीही नाही. खाली खांबांमध्ये पार्किंग आहे आणि आमची जागा मागच्या कोपऱ्यात. चार्जरचं खोकं त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर बसणार होतं. त्या भिंतीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, काकूंची झोपायची खोली आहे.

काकू आमच्या नात्यातल्या नाहीत. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या आधीपासूनच तिथं एकट्या होत्या. मुलगी लग्न होऊन बदलापूरला. माहेर पोशीरचं, भाऊ अजून भातशेती करतो. दर वर्षी नवा तांदूळ आला की त्यातला डबाभर आमच्या घरी यायचाच. माझी मुलगी लहान असताना मी कामावरून येईपर्यंत काकूंकडे असायची. ती तिथंच जेवायची, तिथंच अभ्यास करायची, आणि रागावली की मला नाही, काकूंना सांगायची. आता ती शिकायला पुण्याला आहे, तरी फोन आधी काकूंना करते. काकूंच्या दाराला दिवसा कधी कडी नसायची. जिना चढताना आत डोकावून चार शब्द बोलून वर जायचं, हे माझं ठरलेलं होतं.

त्यांचे यजमान खालापूरच्या बाजूला रंगाच्या कारखान्यात होते. तिथं आग लागली आणि त्यात ते गेले. हे मला इमारतीतल्या दुसऱ्या बायकांकडून कळलेलं. काकू स्वतः कधी त्यावर बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. भिंतीवरच्या फोटोला त्या रोज फूल वाहायच्या, एवढंच मला ठाऊक.

परवानगीचा अर्ज दिल्याचं त्यांना कोणाकडून कळलं कोण जाणे. एका संध्याकाळी त्या वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा आमच्या मजल्यापर्यंत जिना चढत नाहीत. मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"ती करंटची गाडी घेताय म्हणं."

"विचार चाललाय काकू."

"आणि ती खाली लावणार. माझ्या खोलीखाली."

"जागा तीच आहे ना आपली."

"रातभर लावून ठेवतात ना ती?"

त्यांच्या बोलण्याचा रोख तेव्हा माझ्या लक्षात आला. मी घाईघाईनं समजवायला लागले. कंपनीचं माहितीपत्रक आणलं, बॅटरीच्या संरक्षणाची चित्रं दाखवली. जास्त तापलं तर आपोआप बंद होतं, पाण्यात टाकून तपासलेली असते, पेट्रोलच्या गाड्याही पेटतातच की, असं बरंच काही बोलले. काकू चित्रांकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"काही होत नाही हो काकू," मी शेवटी म्हटलं.

त्यांनी पेला टीपॉयवर ठेवला. "हे पण असंच म्हणायचे. रोज म्हणायचे. मी म्हणायची, तिथं वास येतो, डोळे लाल होतात तुमचे. तर म्हणायचे, काय होत नाय गं."

त्या उठल्या, दारापाशी थांबल्या. "तुला नको म्हणायला मी कोण? पण मला झोप नाय लागायची, एवढं सांगून ठेवते."

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्येच झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या काही आमच्याच रिकाम्या जागेत. एका गृहस्थांनी मोबाइल काढून पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांना फिरवून दाखवला. दुसऱ्यांनी विचारलं, उद्या काही झालं तर विमा देईल का? माझा नवरा उभा राहून शांतपणे एकेकाला उत्तर देत होता. सेक्रेटरी रेल्वेतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. त्यांनी सांगितलं की अशी परवानगी सोसायटीला अडवता येत नाही, अटी घालता येतील. मग अटी निघाल्या. वेगळा मीटर, तारा नव्या, बाजूला आग विझवायचं सिलिंडर. आम्ही सगळं मान्य केलं. हात वर झाले.

काकू मागच्या खुर्चीवर होत्या. त्यांचा हात मांडीवरच होता.

"काकू, तुमचं काय म्हणणं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझं काय म्हणणं असणार? मी वर झोपते." एवढं बोलून त्या उठल्या आणि कठडा धरत जिना चढून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज वर पोहोचला. मग सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तेव्हा काकूंचं दार बंद होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी बेल वाजवली तर आतून आवाज आला, "पडलेय गं जरा." मी वर आले. मला त्या बंद दाराचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

नवरा गाडी बुक करायच्या घाईत होता. हवा तो रंग शोरूममध्ये होता आणि फार दिवस थांबणार नव्हता.

"परवानगी मिळाली, आता कशाला अडलंय?"

"काकू दार उघडत नाहीत."

"उघडतील. चार दिवस रुसतील आणि उघडतील. तू रिक्षात बसून कंबर मोडून घेतेस ते त्यांना दिसत नाही का?"

"त्यांचा माणूस जळून गेलाय."

"मला कळतं ते. पण त्याचा आणि आपल्या गाडीचा संबंध काय? उद्या त्या म्हणाल्या गॅस पेटवू नका, तर गॅस बंद करणार?"

"माझी पोर त्यांनी सांभाळली."

"म्हणून जन्मभर त्यांना विचारून जगायचं?"

त्याचा आवाज चढला होता, माझाही. तो म्हणत होता त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नव्हतं, आणि तेच जास्त टोचत होतं. पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं होत होतं. पेट्रोलचीच घेऊन टाकू, असं मी एकदा म्हणाले, तर तो उठून आत गेला.

माझ्यासोबत काम करणारी एक मैत्रीण खोपोलीला राहते. तिच्याकडे तीच गाडी होती, वर्षभर झालं असेल. मी तिला सगळं सांगितलं नाही, फक्त ठरत नाहीये एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "शनिवारी माझी घेऊन जा. रविवारभर चालव, सोमवारी आण. शोरूमवाल्यांच्या सोबतीनं चालवून काय कळणार? फक्त पूर्ण भरलेली नाहीये हां. पण पुरेल तुला."

शनिवारी संध्याकाळी मी ती घेऊन आले. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे मला गाडी चालू आहे की बंद हेच सिग्नलला कळेना. चढ मात्र तिनं असा चढला की मी स्वतःशीच हसले. इमारतीपाशी आल्यावर हसू गेलं. आमची जागा रिकामी होती, तरी मी गाडी आत नेली नाही. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, झाडाची सावली नसलेल्या जागी लावली.

रविवारी सकाळी नवरा ती घेऊन नेरळपर्यंत फिरून आला, एसी जोरात लावून. परत आला तेव्हा लहान मुलासारखा खूश होता. मी पडद्यावर बघितलं, चार्ज बराच उतरला होता. काही बोलले नाही. आमच्यात नुकतंच नीट बोलणं सुरू झालं होतं.

दुपारच्या जेवणाआधी मी गाडीतली पिशवी आणायला खाली गेले तर काकू फाटकापाशी उभ्या. पातळ नीट नेसलेलं, हातात पर्स.

"बाहेर का लावलीस?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"उन्हात तापते ती. तापलेली चालते का?"

"चालते."

त्या गाडीकडे बघत राहिल्या. दुरूनच. मग म्हणाल्या, "मला एका ठिकाणी नेशील? खालापूरला. त्यांच्या कंपनीपाशी."

चार्जचा आकडा माझ्या डोक्यात आला. नवऱ्याला बोलवावं, दुसरी गाडी भाड्यानं करावी, उद्या जाऊ म्हणावं, सगळं सुचलं. पण काकू आपणहून दार उघडून खाली आल्या होत्या आणि उद्या त्या येतील याची मला खात्री नव्हती. मी दार उघडून धरलं. त्या बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पळसदरीपर्यंत त्या समोरच्या रस्त्याकडेच बघत होत्या. मी एसी लावला नव्हता. त्यांना वाटलं असेल गार वारा सोसणार नाही म्हणून, खरं कारण पडद्यावर होतं. खोपोलीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती, लोणावळ्याला निघालेले सुट्टीचे लोक. आम्ही इंचाइंचानं पुढे सरकत होतो. एप्रिलचं ऊन काचेतून अंगावर येत होतं. काकूंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्या पुसतही नव्हत्या.

"बंद पडली का गं?"

"नाही काकू, चालूच आहे. आवाज नसतो हिला."

"आवाज नाय तर कळायचं कसं?"

महामार्गावर आलो. त्या बाहेर बघून वळण सांगत होत्या, आणि त्यांनी सांगितलेलं एक वळण आता राहिलंच नव्हतं. पुढून वळून मागे यावं लागलं. शेवटी एका मोठ्या पत्र्याच्या गोदामापाशी त्या म्हणाल्या, "हेच." मग म्हणाल्या, "हेच असंल." कारखाना केव्हाच बंद होऊन तिथं कुठल्यातरी मालाचं गोदाम झालं होतं. कंटेनर उभे होते. फाटकातला वॉचमन बाहेर आला.

"कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाय," काकू म्हणाल्या. त्या उतरल्या नाहीत. काचेतून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ओळखीचं काही सापडतंय का ते शोधत असाव्यात. "गेट पलीकडच्या अंगाला व्हतं," एवढं बोलल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चल."

एवढं बघायला त्या आल्या होत्या. मला वाटलं होतं रडतील, काही सांगतील. तसं काही झालं नाही. उलट आता मला माझं पडलं होतं. पडद्यावरचा आकडा लाल झाला होता आणि गाडी मध्येच एक बारीक घंटा वाजवत होती. त्या घंटेनं काकू दचकल्या.

"हे काय?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "चार्ज कमी झालाय. कर्जतपर्यंत पुरेल असं वाटत नाही. कुठेतरी भरून घ्यावा लागेल."

त्यांनी मांडीवरची पर्स आणखी जवळ ओढली.

पहिला चार्जर एका पेट्रोल पंपावर होता. मी गाडी लावली, उतरले, तर मशीनवर गोणपाट टाकलेलं. पंपावरचा माणूस लांबूनच ओरडला, "मशीन बंद हाय मॅडम!" मोबाइलवर दुसरा शोधला. कुंभिवलीत महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या आवारात होता. अंतर जास्त नव्हतं, तरी त्या वाटेवर मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी इतके दिवस नाही म्हणत होते तीच घडत होती, आणि वर शेजारी काकू. रोजच्या कामाला जायचा हा रस्ता मला त्या दिवशी अनोळखी वाटत होता.

हॉटेलात चार्जर चालू होता. आमच्याआधी एक गाडी लावलेली होती. तिचा मालक आत जेवत होता. तो हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून, निवांत बाहेर आला तोवर माझा जीव टांगणीला. त्यानं गाडी काढली, मी लावली. प्लग खटकन बसला. पडद्यावर हिरवी रेघ आली तेव्हा मी कितीतरी वेळानं नीट श्वास घेतला.

मागे वळून बघते तर काकू गाडीतून उतरून पार कुंपणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तिथं पत्र्याच्या शेडखाली बाकडं होतं. मी दोन चहा घेऊन त्यांच्याजवळ गेले. आम्ही बसलो. गाडी समोर, तारेला जोडलेली. काकूंची नजर तिच्यावरून हटत नव्हती.

मग गाडीतून अचानक मोठा घरघर आवाज सुरू झाला. काकूंनी माझा दंड धरला, इतक्या जोरात की चहा सांडला.

"काय झालं? काय झालं गं?"

"पंखा आहे काकू. आतला. बॅटरीला गार करतो."

"म्हणजे गरम होते ती."

"हो. होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दंड सोडला नाही, पण पकड जरा ढिली झाली. "मग परवा तू मला काय नाय होत असं का म्हणालीस?"

"तुम्ही घाबरू नये म्हणून."

"तेच वाईट," त्या म्हणाल्या. "तेच."

पंखा फिरत राहिला. त्या बोलायला लागल्या ते माझ्याकडे न बघता, गाडीकडे बघत.

"त्यांची रातपाळी व्हती. डबा भरून दिला, दार लावलं आणि झोपले. दिवसभर पापड घातले व्हते, दमले व्हते. त्या रातीला मला अशी झोप लागली की एकदा पण कूस बदलली नसंल. सकाळी पाणी आलं. मी पिंप भरत व्हते. दोघंजण दारात आले. एकजण चपला काढायला वाकला. मी म्हटलं राहूद्या वो, या आत. तर तो वाकलेलाच. वर बघंना. चपलीचा पट्टा धरून तसाच बसला."

महामार्गावरून कंटेनर जात होते. त्यांच्या आवाजात काही शब्द बुडत होते, मी वाकून ऐकत होते.

"आपल्या माणसाला काय झालं तर बाईला कळतं म्हणतात. डोळा फडफडतो, काळजात काय तरी होतं. मला काय झालं नाय. ते तिथं जळत व्हते आणि मी घोरत व्हते. आगीला मी भीत नाय गं. चूल पेटवतच मोठी झाले मी, पोशीरला. मला झोपेची भीती वाटते."

मी त्यांचा हात धरला. सांत्वन करायचं म्हणून एकही वाक्य मला सुचलं नाही आणि आज वाटतं, नाही सुचलं तेच बरं झालं. इतकी वर्षं मी त्यांच्या दारात रोज थांबून बोलत होते, आणि त्यांच्या पोटात हे होतं.

"लेकीला पण नाय सांगितलेलं," त्या म्हणाल्या. मग नाक पुसलं आणि थंड झालेला चहा एका दमात प्यायल्या. "किती झालं बघ तिचं."

मी उठून बघून आले. घरी पोहोचण्याइतका झाला होता. प्लग काढायला गेले तर त्या मागोमाग आल्या. थोडं अंतर ठेवून उभ्या राहिल्या. मी प्लग काढल्यावर पुढे आल्या, बॉनेटवर हात ठेवला, तवा तापलाय का बघतात तसा, आणि काढून घेतला.

"उन्हानंच जास्त तापलीय," म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी पर्स पायाशी ठेवली होती. घर जवळ आलं तेव्हा बोलल्या, "आण तू गाडी. पण रातची लावायची नाय. मी जागी असताना लाव. मी बसंन बघत. झोपायच्या वेळी तुला हाक मारंन, तू येऊन काढ. तुला जमंल का?"

"जमेल."

"नवऱ्याला विचार आधी."

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, काकूंच्या झोपेची गोष्ट वगळून. ती माझ्याकडे ठेवायला दिलेली होती. तो वैतागला. रात्री लावून सकाळी भरलेली गाडी मिळणं, हाच तर सगळा फायदा होता त्याच्या मते. संध्याकाळी कामावरून येऊन, स्वयंपाक करता करता खाली जाऊन बघायचं, झोपायच्या आधी जाऊन काढायचं, हे रोज कोण करणार?

"मी करणार," मी म्हटलं. "चालवणार मी, लावणार मी, काढणार मी."

त्यानं हातातला मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पावसात मी काढीन."

गाडी पावसाळा लागायच्या आधी आली. त्यानं निवडलेला रंग एव्हाना संपला होता, दुसरा मिळाला. पहिल्या संध्याकाळी मी प्लग लावला आणि वर न जाता तिथंच उभी राहिले. काकू त्यांच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. खोक्यावरचा दिवा लुकलुकत होता. मी मधूनमधून तारेला हात लावून बघत होते आणि वरून त्या विचारत होत्या, "गरम हाय?"

"थोडी."

"किती थोडी?"

असे पुष्कळ दिवस गेले. कधी लाइट गेली आणि चार्ज अर्धाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी कुंभिवलीच्या त्या हॉटेलात लावून मी कामावर चालत जायचे. एकदा पळसदरीच्या अलीकडे रस्त्यावर पाणी आलं होतं. बाकीच्या गाड्या जात होत्या, मी मात्र बराच वेळ कडेला थांबून राहिले आणि मग देवाचं नाव घेऊन घातली. काही झालं नाही, पण त्या दिवशी कारखान्यात पोहोचल्यावर मला कोणाशी बोलवेना. ही गाडी घेऊन चूक केली असं मला त्या पावसाळ्यात अनेकदा वाटलं. आता क्वचित वाटतं.

यंदा आमच्या इमारतीत दुसरी इलेक्ट्रिक गाडी आली. तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांची. त्यांची जागा आमच्या शेजारचीच. ते रात्री चार्जिंगला लावायचे. सकाळी काकूंचे डोळे बघून मला ते कळलं. मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं आणि शक्य तितक्या सभ्यपणे सांगितलं की आम्ही रात्री लावत नाही.

"का? नियम आहे का तसा?"

"नियम नाही. वर एक काकू राहतात, त्यांना काळजी वाटते."

"मॅडम, सगळे लोक रात्रीच लावतात. मी उशिरा येतो, दुसरी वेळ मला नाही." त्यांचं बोलणं उद्धट नव्हतं. माझा नवरा पूर्वी बोलायचा तसंच, बरोबर होतं. मला पुढचं सांगता येत नव्हतं, कारण ते माझं नव्हतं. त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या, जिन्याकडे दोन पावलं गेले आणि वळून विचारलं, "कोणत्या दारात राहतात त्या?"

मी सांगितलं. रविवारी सकाळी ते काकूंच्या घरात बसलेले मला जिन्यावरून दिसले. दार उघडं होतं. समोर पोह्यांची बशी होती आणि काकू बोलत होत्या. मी थांबले नाही, वर निघून गेले. आता त्यांची गाडी सकाळी चार्जिंगला लावलेली दिसते, ते आंघोळ-चहा करतात तेवढा वेळ, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारभर. त्या दिवशी काय बोलणं झालं ते मला दोघांपैकी कोणीच सांगितलेलं नाही.